सतरावा कप्पा

“सतरा का?” हिनेकने विचारलं तेव्हा माझ्या तोंडात अर्धा रोहलिक पाव होता.

“काय सतरा?”

“तुझ्या फाइलमध्ये सतरा कप्पे आहेत. चिपला एका वेळी सोळाच कामं देता येतात. मग सतरावा कप्पा कशाला?”

“असू दे की एक जास्तीचा. तुझ्या बापाचं काय जातं?”

“माझ्या बापाचं काही जात नाही,” तो म्हणाला. “पण लिनक्सवाल्यांकडेही सतराच आहेत.”

सोमवारची सकाळ होती. आमचं शिबिर आदल्या संध्याकाळीच सुरू झालं होतं. पावाचा तुकडा मी कसाबसा गिळला.

माझं नाव लुबोर. वय अठ्ठावन्न. डोक्यावर केस नाहीत, डोक्यात आग मात्र भरपूर, असं ब्लाझेना म्हणते, आणि तिचं म्हणणं खोडून काढण्याइतकं शांत मला कधी राहता आलेलं नाही. चेयका नावाची ऑपरेटिंग सिस्टम आम्ही आठ जण हौसेने सांभाळतो. चेयका म्हणजे टिटवी. वापरणारी माणसं जगभरात काही हजार असतील. एरवी आमचं सगळं बोलणं ईमेलमधून चालतं, पण वर्षातून दोनदा चेक देशातल्या विसोचिना भागात ब्लाझेनाच्या घरी आठवडाभर जमतो, दारात बूट काढतो, तिच्याकडच्या फाटक्या सपाता घालतो आणि शुक्रवारपर्यंत काम करतो. शुक्रवारी संध्याकाळी सहाला नव्या आवृत्तीचं दार बंद होतं. त्यानंतर आत काही जात नाही.

यंदाच्या शिबिराचं मोठं काम डोरोताचं होतं. संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटवणारी चिप दर वर्षी बदलते, आणि तिच्याशी बोलणारा ड्रायव्हर लिहायला कंपन्यांकडे शेकडो माणसं असतात. ती माणसं लिनक्स या मोठ्या, सगळ्यांना खुल्या सिस्टमसाठी लिहितात. आम्ही तिथून उचलून आणतो. यात चोरी काही नाही. ड्रायव्हरच्या फाइलींवर स्पष्ट लिहिलेलंच असतं, घ्या, वापरा, फक्त आमचं नाव पुसू नका. घोडं अडतं ते त्याच्या खालच्या पायापाशी. लिनक्सचा ड्रायव्हर ज्या पायावर उभा असतो, त्या पायाच्या अटी वेगळ्या आहेत. तो घेतला तर आमचं सगळं घरच त्यांच्या अटींवर द्यावं लागेल. म्हणजे शेजाऱ्याने दिलेलं कपाट आणता येतं, त्याची भिंत आणता येत नाही. भिंत आपली आपण बांधायची, आणि तीही त्याची न बघता.

ती भिंत डोरोताने दोन वर्षं बांधली. वय एकोणतीस. दिवसा ब्रनोतल्या एका इस्पितळाचे संगणक सांभाळायचे, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी हे. येत्या सोमवारी ती एका मोठ्या चिपवाल्या कंपनीत रुजू होणार होती. करारात पहिलीच अट अशी की बाहेरच्या कुठल्याही कोडला हात लावायचा नाही. म्हणजे शुक्रवारी सहापर्यंत तिचं काम आत गेलं तर गेलं. आत गेलं की आम्ही सगळे मिळून ते सांभाळू शकतो. बाहेर राहिलं तर ज्याचं त्यालाच ते पुढे ओढावं लागतं, आणि तिचे तर हातच बांधलेले. दोन वर्षं पाण्यात गेली असती.

आणि त्या भिंतीत काही दगड माझे होते. सतरा कप्प्यांची फाइल मी सहा वर्षांपूर्वी लिहिली होती, डोरोताने ती तशीच वापरली होती.

हिनेक हा आमचा वकील. कायद्याचं शिक्षण अर्धवट सोडलेला, पण आम्ही त्याला वकीलसाहेबच म्हणतो. तो स्वतः एक ओळ कोड लिहीत नाही, म्हणून दोन्हीकडचं बघायची मुभा फक्त त्याला. आमच्याकडे नियम आहे की कुणीही आपलं काम स्वतःच्या हिमतीवर आत टाकायचं नाही, दुसऱ्या दोघांचं ओके लागतं. हिनेक ओके द्यायच्या आधी आमचं आणि लिनक्सचं कोड शेजारी शेजारी ठेवून ताडून बघतो. त्याने दोन लॅपटॉप माझ्यासमोर आणून ठेवले. डावीकडे माझं, उजवीकडे त्यांचं. नावं वेगळी, ओळींची मांडणी वेगळी. पण चाल तीच. आधी शेवटचा कप्पा बघायचा, मग पहिला. मध्ये एकदा काही कारण नसताना पुन्हा मोजायचं. आणि सतरा.

“मी चोर आहे असं म्हणायचंय तुला?” मी टेबलावर हात आपटला. चहा सांडला.

“मी फक्त सतरा का, एवढंच विचारलं.”

“वीस वर्षं! वीस वर्षं या टिटवीची अंडी उबवली मी, आणि काल आलेलं पोरगं मला...”

“ओरडू नकोस लुबोरा,” ब्लाझेना चुलीपाशी पाठमोरी उभी होती, वळलीसुद्धा नाही. “ओरडून सतराचे सोळा होत नाहीत. फडकं घे आणि चहा पूस.”

डोरोता दोन्ही हात मांड्यांखाली दाबून नुसती पडद्याकडे बघत होती. माझा तिळपापड झाला होता, पण तिचा चेहरा बघवेना. मी फडकं तिथेच टाकलं, बूट चढवले, टोपली उचलली आणि मशरूम शोधायला जंगलात निघून गेलो. आमच्याकडे माणूस भांडला की एक तर बिअर प्यायला जातो, नाही तर जंगलात.

पहिला तास मी झाडांना शिव्या दिल्या. मग हळूहळू आठवायला लागलं.

पूर्वी मी एका कंपनीत दहा वर्षं नोकरी केली. तिथे सगळं लिनक्सचंच काम. एका बिघाडापायी मी हीच फाइल, त्यांची, तीन महिने वाचली होती. रोज. छापून काढून भिंतीवर डकवली होती. नोकरी सुटली, वर्षं गेली, आणि चेयकासाठी तेच काम करायची वेळ आली तेव्हा मी एका संध्याकाळी बसलो आणि एका बैठकीत लिहून काढलं. किती खूश होतो मी तेव्हा! स्वतःच्या डोक्यातून आलं म्हणून. डोक्यातून आलं हे खरंच होतं. ते डोक्यात कुठून आलं, हा प्रश्न मात्र मी स्वतःला विचारला नाही. सतरा कप्पे का, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, कारण तो विचार माझा नव्हताच. मला इतकी लाज वाटली की मी एका बुंध्यावर मटकन बसलो.

आणि बसल्या बसल्या दुसरी गोष्ट आठवली. लॅपटॉपचं झाकण बंद केलं की यंत्र झोपतं, उघडलं की चिपला पुन्हा उठवून चित्र परत आणावं लागतं. डोरोताच्या कामातला तो उठवायचा भागही मीच लिहून दिला होता, दोन दिवसांत. तोही मी त्या जुन्या नोकरीत वाचलेला होता.

परत आलो तेव्हा टोपलीत तीन मशरूम होते, त्यातला एक किडका. सगळे जेवणाच्या टेबलाभोवतीच होते. मी टोपी काढली आणि सांगून टाकलं.

“ती फाइल माझी नाही. हात माझे, पण ती त्यांची आहे. मी वाचली होती. काढून टाका.”

हिनेकने मान डोलावली. त्याने विजयी चेहरा केला असता तर बरं झालं असतं, मला रागवायला निमित्त मिळालं असतं. “कबूल केलंस ते बरं झालं,” तो म्हणाला. “आणि अजून काही? असंच वाचून लिहिलेलं?”

“नाही,” मी म्हणालो.

का म्हणालो? तेव्हा मनाची समजूत घातली की डोरोतासाठी. एक फाइल चार दिवसांत नव्याने लिहून होईल, दोन व्हायच्या नाहीत. हे हिशेबाने बरोबरच होतं. पण खरं कारण ते नव्हतं. एकदा मान खाली घातली होती, त्याच जागी लगेच दुसऱ्यांदा घालवत नव्हती.

आता ती फाइल लिहिणार कोण? मी बाद. डोरोता दोन वर्षं माझी फाइल वाचत होती, म्हणजे तीही बाटलेली. बाकीच्या चौघांनी कधी ना कधी तिच्यात डोकं घातलेलं. हिनेकने बोटं मोजली आणि शेवटी चुलीकडे बघितलं.

“माझ्याकडे काय बघतोस?” ब्लाझेना म्हणाली.

ब्लाझेना त्रेसष्ट वर्षांची. सत्तावीस वर्षं रेल्वेच्या संगणक खात्यात गाड्यांची वेळापत्रकं चालवली. चेयकात ती डिस्कचं बघते आणि वापरणाऱ्यांसाठीची माहितीपानं लिहिते. पडद्यावरच्या चित्रांशी तिचं वाकडं. चित्रं बघायची तर घराला खिडक्या आहेत, असं ती म्हणते. ग्राफिक्सची एकही फाइल तिने जन्मात उघडली नव्हती.

“म्हणूनच तुम्ही,” हिनेक म्हणाला.

“म्हणजे अडाणी आहे म्हणून माझी निवड झाली. वा! आईला कळवायला हवं.”

“जमेल का तुम्हाला?” डोरोताने विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता तिचा.

ब्लाझेनाने एप्रन सोडून खुंटीला लावला. “जेवण कोण करणार ते ठरवा, मग जमवते.”

मंगळवारी सकाळपासून आमचं ते विचित्र कारखान्याचं काम सुरू झालं. मी माडीवरच्या खोलीत. ब्लाझेना खाली स्वयंपाकघरात. मी तिच्याशी एक शब्द बोलायचा नाही. ती फाइल काय काम करते एवढं कागदावर लिहायचं, कसं करते ते नाही. कागद हिनेक वाचणार, त्याला पटला तरच खाली जाणार. तिचे प्रश्न तसेच वर येणार. सगळे कागद नंतर सगळ्यांना बघायला मिळतील असे मांडायचे, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर दाखवता येईल.

सोपं वाटतं ना? मी पहिला कागद लिहिला, पानभर. हिनेकने तो वाचून परत दिला.

“दुसरी ओळ: ‘एक यादी ठेवावी’. यादी कशाला? हे कसं झालं. काय ते सांग.”

“अरे पण यादी नाही तर काय ठेवणार ती? पिशवी?”

“तिला ठरवू दे.”

दुसरा कागद परत. तिसरा परत. चौथ्यावर मी एक चित्र काढलं होतं, ते त्याने माझ्या डोळ्यांदेखत टराटरा फाडलं. माझा हात खिडकीपर्यंत गेला होता, त्याला बाहेर टाकायला की स्वतःला, कोण जाणे. एखादी गोष्ट आपल्याला कशी करायची ते इतकी वर्षं माहीत असतं की ती नक्की काय आहे हेच आपण विसरून गेलेलो असतो. दुपारी बारापर्यंत घाम गाळून माझ्याकडे चार ओळी उरल्या. चिपला कामं दिली जातात. ती कुठल्याही क्रमाने पुरी होतात. प्रत्येक कामाची वाट बघणारं कुणी ना कुणी असतं. काम पुरं होताच नेमकं त्यालाच उठवायचं, दुसऱ्या कुणाला नाही.

चार ओळी! मी सहा वर्षांपूर्वी यासाठी दोनशे नव्वद ओळींचं कोड लिहिलं होतं.

अर्ध्या तासाने खालून पहिला कागद आला. ब्लाझेनाचं गोल अक्षर. “उशिरा सुटलेली गाडी आधी पोचली, तर आधीच्या गाडीचे प्रवासी थांबूनच राहतात ना?” हिनेक हसला. मी लिहिलं, हो. दुसरा कागद: “प्रवासी वाट बघून कंटाळून निघून गेला, आणि मग गाडी आली, तर?” मी पेन हातात धरून बसून राहिलो. माझ्या फाइलमध्ये याची सोयच नव्हती. त्यांच्याही नव्हती. मी लिहिलं, “गाडी रिकामी जाऊ द्यावी. रागावू नये.” हिनेकने ‘रागावू नये’ खोडलं आणि कागद खाली नेला.

बुधवारी दिवसभर जिन्यात हिनेकच्या सपातांचा फटफट आवाज. जेवणाला आमच्यातल्या एकाने पिठाच्या उकडलेल्या क्नेडलिकी केल्या, त्या इतक्या घट्ट झाल्या की ब्लाझेनाने एक उचलून दारात लावून ठेवली, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. डोरोता हसली, पण अर्धंच. मधूनच ती माडीवर यायची, दारात उभी राहायची.

“होईल ना हो?”

“होईल. ब्लाझेना आहे ती. तिने तर हिवाळ्यातसुद्धा गाड्या वेळेवर आणल्यात.”

“आणल्यात का खरंच?”

“नाही. पण उशीर किती होणार ते बरोबर सांगायची.”

यावर ती मनापासून हसली. मला त्या क्षणी सांगून टाकायला हवं होतं. जिभेच्या टोकावर आलं होतं. “जा, काम कर,” मी म्हणालो.

गुरुवारी दुपारी ब्लाझेनाची फाइल आली. एकशे दहा ओळी. कप्पेच नव्हते तिच्यात, ना सतरा ना सोळा. तिने सगळा हिशेब वाट बघणाऱ्याच्या बाजूने धरला होता, गाडीच्या बाजूने नाही. मला ती वाचायची परवानगी मिळाली तेव्हा मी दोनदा वाचली आणि तिसऱ्यांदा वाचताना डोळ्यांत पाणी आलं. इतकं स्वच्छ मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही, आणि हे मी मत्सराशिवाय म्हणतो आहे असं समजू नका.

“कसं आहे?” ब्लाझेनाने विचारलं. आता बोलायची मुभा होती.

“बरं आहे.”

“बरं आहे म्हणे! मेल्या, तोंड बघ आरशात.”

टेबलावर आठ यंत्रं मांडली. सात यंत्रांवर चित्र आलं, आठवं काळंच. डोरोता त्या आठव्यापुढे बसली ती शुक्रवारी सकाळी अकराला उठली, मध्ये थोडी झोपली असेल तेवढीच. चूक तिच्याच भागात होती. दुरुस्त केली आणि आठव्यावरही चित्र आलं. आम्ही सगळे पोरांसारखे ओरडलो. मग तिने एक एक झाकण बंद केलं, दहापर्यंत मोजलं, एक एक उघडलं. आठही पडदे जागे झाले. तिने माझ्याकडे बघितलं आणि हनुवटीने त्या यंत्रांकडे खूण केली, हे तुमचं, अशा अर्थाने. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. तहान लागली नव्हती.

साडेचारला ती शेवटचं टिपण लिहायला बसली. काम आत टाकताना काय केलं, कुणाची मदत झाली, हे चार ओळींत लिहायची आमची पद्धत आहे. ते टिपण त्या कामाबरोबर कायम राहतं, सिस्टम असेपर्यंत. हिनेकचं ओके झालं होतं. ब्लाझेनाचं झालं होतं. डोरोताने मला हाक मारली.

“एकदा वाचा. चुकलं असेल काही तर सांगा.”

मी तिच्या खांद्यावरून वाकून वाचलं. शेवटची ओळ होती: झोपेतून उठवण्याचा भाग लुबोर यांचा, त्यांच्याशिवाय हे काम झालं नसतं.

“थांब,” मी म्हणालो.

“चुकलं का?”

“तो भाग माझा नाही.”

खोलीत सगळे होते. मी कुणाकडेच न बघता सांगितलं. की तेही मी वाचलेलं होतं. की मला सोमवारपासून माहीत होतं. की हिनेकने विचारलं तेव्हा मी तोंडावर खोटं बोललो. एवढं बोलायला मिनिटसुद्धा लागलं नाही.

हिनेकने चष्मा काढून डोळे चोळले. सोमवारी माझ्या ‘नाही’वर विसंबून त्याने तो भाग ताडला नव्हता, तो आता ताडून बघितला. दहा मिनिटांनी त्याने मान हलवली, ते तसंच होतं. “हा भाग आत जाऊ शकत नाही,” तो म्हणाला. “आणि हा नव्याने लिहायला आज वेळ नाही.”

“हा काढला तर बाकीचं चालतं का?” ब्लाझेनाने विचारलं.

“चालतं,” डोरोता म्हणाली. पडद्यावरची नजर तिने हलवली नाही. “फक्त झाकण बंद करायचं नाही. केलं तर चित्र परत येणार नाही. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावं लागेल.”

कुणी काही म्हणायच्या आत तिने काढायला घेतलं. तिची बोटं जोरजोरात चालत होती. वीस मिनिटं लागली. आठही यंत्रं पुन्हा सुरू करून बघितली, चित्र होतं. तिने एका लॅपटॉपचं झाकण बंद केलं आणि उघडलं. पडदा काळा. “बरोबर,” ती म्हणाली, आणि टिपणातली शेवटची ओळ पुसून तिथे लिहिलं: झाकण बंद करू नये.

हिनेकचं ओके पुन्हा. ब्लाझेनाचं पुन्हा. सहाला आठ मिनिटं असताना काम आत गेलं. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि एकटाच पडल्यावर थांबला. मग ब्लाझेनाने जाऊन डोरोताला मिठी मारली, तेव्हा कुठे सगळे जागचे हलले. दोन वर्षांचं काम वाचलं होतं, एवढं तरी खरं.

ब्रनोची बस पावणेसातची. सगळ्यांचा निरोप घेऊन डोरोता दारातल्या बाकावर बूट बांधायला बसली. मी तिच्यापाशी गेलो.

“तू चिडली असशील,” मी म्हणालो.

“तू गप्प बसू शकला असतास,” ती म्हणाली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिने मला अरे-तुरे केलं. “कुणालाही कळलं नसतं.”

“हो.”

“ते बरं केलंस. त्याबद्दल मी चिडलेले नाही.” तिने एका बुटाची नाडी बांधली आणि सोडून पुन्हा बांधली. “गेल्या फेब्रुवारीपर्यंत मी त्या भागापाशी चार महिने अडले होते. चार महिने. त्यांची एक ओळ न बघता, नुसती चिपची माहितीपत्रकं वाचून. रोज इस्पितळातून येऊन बसायचे आणि रोज पडदा काळा. कॅलेंडरात माझं नाव असतं त्या दिवशी तू आलास, केक आणलास आणि ते आणलंस. दोन दिवसांत केलं म्हणालास. डोक्यात होतंच, नुसतं लिहून काढलं, म्हणालास.”

मला आठवत होतं. शब्द न शब्द. किती ऐटीत म्हणालो होतो मी ते.

“घरी जाऊन मी खूप रडले. मला वाटलं, ज्याला हे येतं त्याला दोन दिवसांत येतं. मला चार महिन्यांत येत नाही, म्हणजे माझ्यात ते नाही. जूनमध्ये त्या कंपनीने विचारलं. तिथे चाचण्या घ्यायचं काम आहे, लिहायचं नाही. मी हो म्हटलं.”

मी खाली वाकलो, कशाला कोण जाणे, तिची पिशवी उचलून द्यायला असेल.

“एक सांग,” ती म्हणाली. “तू तेव्हा माझं लिहिलेलं सगळं वाचलं होतंस. आपलं देण्याआधी वाचलं होतंस, मला माहीत आहे. मी किती लांब होते?”

‘खूप लांब’ असं खोटं बोलायचं तर हीच वेळ होती, आणि ते तिच्या भल्याचं ठरलं असतं. पण त्या आठवड्यात मी पुरेसं खोटं बोललो होतो. तिचं काम मी खरंच वाचलं होतं. चिपला उठवायचा क्रम तिने बरोबर धरला होता. एकच पायरी राहिली होती, आणि ती कुठली ते तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. ती पायरी तिला दाखवायची सोडून मी माझं अख्खं घेऊन गेलो होतो.

“आठवडा,” मी म्हणालो. “फार तर आठवडा.”

तिने मान हलवली. दुसरा बूट बांधला, माझ्या हातातून पिशवी घेतली आणि बस गाठायला निघाली.